आठ महिने मेटल डिटेक्टर वापरून: सगळा जीव एका नटात

परवा सेवा केंद्राचं बिल आलं. तपासणी शुल्क 900 रुपये, शेरा: ‘यंत्रात दोष नाही’. दोष नाही हे मला मान्य आहे, 900 मान्य नाहीत. भांडण चालू आहे म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. एकवीस हजारांचं, चार पेन्सिल सेलवालं, ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा गोंगाट वगळायची जुळणी) कारखान्यातूनच कायम करून आलेलं नवशिक्याचं यंत्र, एवढ्यावरून जाणकारांनी ओळखावं.

तर नट. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, दांड्याला जिथं जोडते तिथं प्लास्टिकचा बोल्ट आणि दोन कानांचा नट असतो. तिसऱ्याच आठवड्यात ढेकळावर आपटून नटाचा एक कान तुटला आणि कॉइल मान टाकायला लागली. दहा पावलं चाललं की थांबा, कॉइल सरळ करा. सुटा नट मागितला तर म्हणे, “सेट येतो सर, 1,150, कुरियर वेगळं.” एका नटाला! मी हार्डवेअरवाल्याकडून आठ रुपयांचा लोखंडी नट-बोल्ट आणून ठोकला. त्यानंतर कॉइल जरा हलली की यंत्र बोंबलायचं. मला वाटलं कॉइलच गेली, दिलं पाठवून. तीन आठवड्यांनी तिथल्या पोराचा फोन, “सर, लोखंडी बोल्ट कोणी लावला?” धातू हुंगणाऱ्या यंत्राच्या नाकात मीच लोखंडी नथ घातली होती. चूक माझी. पण हे पाठवायच्या आधी फोनवर विचारता आलं नसतं का?

शेवटी उपाय निघाला कमोडच्या सीटमधून. तिचे बोल्ट प्लास्टिकचे असतात, जोडी तीस रुपयांना. सायकलच्या ट्यूबचे दोन वायसर कापून घातले. पाच महिने झाले, कॉइल हललेली नाही. दुसरा बोल्ट शिल्लक आहे.

आता यंत्राबद्दल. पहिल्या महिन्यानंतर लिहिलं असतं तर ‘बेकार, घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आमची जमीन संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या बाजूला. खाली सगळा काळा पाषाण. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, त्याच्यापासून झालेल्या मातीतही ते उतरतं. परदेशी मातीवर बेतलेल्या यंत्राला इथं प्रत्येक धोंडा खजिना वाटतो. सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणली तेव्हा कुठं ते जरा शहाण्यासारखं वागायला लागलं. डब्यावरचे खोलीचे आकडे विसरा. रुपयाएवढं नाणं वीतभर खोलीच्या आत असेल तरच नीट बोलतं. पावसाने ओल धरली की थोडं अधिक.

तरी विहिरीजवळ कटकट चालूच होती. तिथं डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आहे आणि वरून तारा जातात. एकदा दुपारी लाइट गेली आणि यंत्र एकदम गप्प झालं! मोटारी बंद, तारा थंड, हेडफोनमध्ये चिडीचूप. तेव्हापासून शेतीपंपांच्या थ्री फेज विजेचं वेळापत्रक बघून रजा टाकतो. लाइट गेल्यावर खूश होणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

जागेचा अंदाजही चुकला. मी सुरुवात खळ्यापासून केली, पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथं बसली-उठली म्हणून. खिळे आणि बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या सोडून काही मिळालं नाही. चुलतभाऊ म्हणाला, “तात्या, खळ्यावर बलुतं धान्यात द्यायचे, पैसे कोण सांडणार?” बरोबर होतं. मग बाजाराला जायची जुनी पायवाट धरली आणि नाणी निघायला लागली. भोकाचा पैसा (1943 ते 47चा), 1835चा कंपनीचा पाव आणा, अ‍ॅल्युमिनियमची तीन पैशांची षट्‌कोनी दोन. गुटख्याच्या पुड्या मोजत नाही. ‘लोखंड वगळा’ लावून फिरत असाल तर एक ध्यानात ठेवा. 1992पासूनचा स्टीलचा रुपया या यंत्राला लोखंड वाटतो. जुन्या नाण्यांच्या मागे असलेल्याला हे सोयीचंच.

सहाव्या महिन्यात बांधालगत, चार बोटं खाली, शिवराई, मराठ्यांचं तांब्याचं नाणं. हिरवीगार, कड एका बाजूला चेपलेली. ‘श्री राजा शिव’ अर्धवट, मागे ‘छत्र’ स्पष्ट आणि ‘पति’ नाण्याबाहेर, कारण ठसा तिरका बसलाय. सराफाच्या काट्यावर साडेआठ ग्रॅम. वहिनी चिंच घेऊन घासायला निघाल्या, हातातून काढून घेतली. घासलं की अक्षरं जातात. शिवराई 1674च्या राज्याभिषेकानंतर पुढं पेशवाईत आणि त्यानंतरही पडत राहिली, तेव्हा सापडली की लगेच ‘महाराजांच्या हातची’ म्हणून नाचू नये.

1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. मी फोटोसह अर्ज दिला, पोच घेतली. कारकुनाने दोनदा विचारलं, “एकच नाणं?” संरक्षित किल्ले, पांढरीची टेकाडं (जुन्या वस्तीच्या जागा) यांच्याकडे फिरकू नका. मार्च 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळ लोक रात्री डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, त्यांच्यात मोजले जाल. गावात तसंही मी गुप्तधनवाला झालोच आहे. एका आजीने विचारलं, “पायाळू हाय का रं तू?” पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याला गुप्तधन दिसतं म्हणतात.

आणि मग कांद्याच्या वाफ्यात वहिनींचं जोडवं पडलं. वीस मिनिटांत काढून दिलं. दुसऱ्या दिवसापासून रांग: कुणाचा रोटाव्हेटरचा बोल्ट, कुणाची किल्ली, कुणाचं पैंजण. मला गुप्तधनवाला समजून लिंबू ठेवणारी ती आजीही थांबली. सेलचे पैसे मात्र कुणी देत नाही, म्हणून आता चार्जिंगचे सेल घेतलेत. बिल अजून भरलेलं नाही.