खांद्याच्या ऑपरेशननंतर सायकल: ट्रेनर, हायब्रिड की थेट रोडबाईक?

मार्चमध्ये माझ्या उजव्या खांद्याचं रोटेटर कफचं (खांदा जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे टेंडन) ऑपरेशन झालं, आता आठ महिने होतील, आणि तेव्हापासून तीनचार जणांनी हेच विचारलंय की सायकलिंगला परत सुरुवात कशावर करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक. कॉलरबोन (गळ्याखालचं हाड) मोडलेल्यांचा हिशोब आपल्याला लावू नका. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची कॉलरबोन 2009 च्या मार्चमध्ये मोडली आणि मे महिन्यात गडी इटलीत जिरो या मोठ्या सायकल शर्यतीला हजर, हे मला हॉस्पिटलच्या बेडवरच एकाने ऐकवलं. अरे पण तिथे हाड जुळायचं असतं, इथे हाडात अँकर बसवून टेंडन शिवलेलं असतं, ते नीट धरायला साधारण 12 आठवडे जातात आणि त्यातले पहिले 4 ते 6 हात झोळीत. दुखायचं मात्र त्याच्या बरंच आधी कमी होतं, आणि माणूस फसतो तो तिथेच.

जिममधली पाठ टेकून चालवायची सायकल सगळ्यात सेफ आणि सगळ्यात बोअर. हातावर भारच नाही. मला सर्जननी पाचव्या आठवड्यात झोळी घालूनच परवानगी दिली, तुमचे देतीलच असं नाही, विचारून घ्या. फक्त चढता उतरताना जपा, तोल गेला की आपला हात आपल्याला न विचारता पुढे जातो.

घरच्या ट्रेनरबद्दल (म्हणजे आपलीच सायकल अडकवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) लोकांचा एक गैरसमज आहे, की पडायची भीती नाही म्हणजे झालं. पडत नाही खरं, पण रोडबाईक (खाली वाकलेल्या हँडलची रेसिंग सायकल) लावली तर ओणवं होऊन दोन्ही तळहातांवर भार येतो, आणि सायकल जागची हलत नसल्यामुळे आपणही त्याच पोझमध्ये वीस मिनिटं गोठल्यासारखे बसतो, मग खांदा आखडतो. मी स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) उलटा करून हँडल वर घेतलं, पुढच्या चाकाखाली जाड पाट ठेवला, आणि तरी उजवा हात मांडीवरच. एप्रिलची गरमी, समोर टेबलफॅन, झोळीचा पट्टा घामाने चिंब (तो वास अजून गेलेला नाही). शिवाय ट्रेनर उचलणं, सायकल त्यात अडकवणं ही दोन हातांची कामं आहेत, ती घरातल्या कुणाला तरी सांगा. आणि तीन महिन्यांसाठी नवीन विकत घेऊ नका, कुणाकडे तरी धूळ खात पडलेला असतोच.

आता रस्ता. सरळ हँडलची, जाड टायरची हायब्रिड यात सगळ्यात बरी, ताठ बसता येतं. पण भार हा खरा मुद्दाच नाही. खरी गंमत ब्रेक, स्पीडब्रेकर आणि हात दाखवणं यात आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे उजवीकडे वळताना उजवा हात खांद्याच्या लेव्हलला बाहेर काढायचा, आणि कफवाल्याला नेमकी तीच हालचाल सगळ्यात उशिरा जमते. मी पहिले काही आठवडे पाषाणला उजवीकडे वळायचं टाळायला तीनदा डावीकडे वळून फिरून जायचो, बायको म्हणायची रिक्षावाला झालायस. फिजिओताईंची अट साधी होती, भिंतीला हात टेकून दहा पुशअप न दुखता झाले तर रस्ता, नाहीतर परत ट्रेनर. माझे झाले नेमके जूनमध्ये, पुण्यात पाऊस सुरू, रस्त्यावर ऑइल मिसळलेलं पाणी. हात टेकून पडलो असतो तर शिवलेलं परत फाटलं असतं, म्हणून आणखी महिनाभर ट्रेनरच, जाम चिडलो होतो.

इलेक्ट्रिकचाही विचार केला होता. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या स्पीडपर्यंत लायसन्स लागत नाही, चढावर हँडल ओढावं लागत नाही, सगळं छान. पण बऱ्याचशा वीस किलोच्या वर भरतात, सिग्नलला उभी असताना कलली की सावरणार कोण, तोच खांदा. मी नाही घेतली. डावा खांदा असेल आणि अंगात ताकद असेल तर कदाचित वेगळं.

थोडक्यात, जवळ जिम असेल तर आधी तिथे, मग उधारीचा ट्रेनर, मग कोरड्या रस्त्यावर हायब्रिड. रोडबाईक सगळ्यात शेवटी, कारण चढावर उभं राहून हँडल ओढलं की सगळा ताण पुन्हा तिथेच येतो.

गेल्या रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, हायब्रिडवरच. रोडबाईक अजून गॅलरीत उभी आहे, टायरमधली हवा गेलीये, आणि पंप मारायला पोरगा दर वेळी पन्नास रुपये मागतो.