न्यूयॉर्कचा सेकंड अ‍ॅव्हेन्यू सबवे : सेवा चोख, किंमत अवाच्या सवा

मॅनहॅटनच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना सेकंड अ‍ॅव्हेन्यूखालून भुयारी रेल्वे मिळेल, हे आश्वासन १९२९ च्या आराखड्यापासून दिले जात होते. त्या भरवशावर सेकंड आणि थर्ड अ‍ॅव्हेन्यूंवरचे लोखंडी खांबांवरून धावणारे जुने मार्ग १९४० ते १९५५ या काळात बंद करून उतरवण्यात आले. १९७२ मध्ये भुयाराचे काम एकदाचे सुरू झाले, पण शहराच्या तिजोरीत खडखडाट झाल्याने १९७५ मध्ये ते अर्धवट सोडावे लागले. अखेर २००७ मध्ये नव्याने कुदळ पडली आणि १ जानेवारी २०१७ रोजी ७२, ८६ आणि ९६ क्रमांकांच्या रस्त्यांवरची तीन नवी स्थानके प्रवाशांसाठी उघडली. नव्या मार्गाची लांबी जेमतेम २.९ किलोमीटर आणि खर्च सुमारे ४.४५ अब्ज डॉलर, म्हणजे किलोमीटरमागे दीड अब्ज डॉलरच्या घरात.

प्रवासी म्हणून या सेवेत खोट काढणे अवघड आहे. ज्यांनी न्यूयॉर्कची जुनी स्थानके पाहिली आहेत, तिथले अरुंद फलाट, दर काही पावलांवर आडवे येणारे खांब आणि उन्हाळ्यातली घुसमट अनुभवली आहे, त्यांना इथे उतरल्यावर आपण दुसऱ्याच शहरात आलो की काय असे वाटेल. फलाट रुंद आहेत, मध्ये खांब नाहीत, हवा गार ठेवलेली असते आणि तिन्ही स्थानकांत लिफ्ट आहेत. ७२ क्रमांकाच्या स्थानकातली चित्रकार विक मुनीझ यांची मोझाइकची माणसे तर थांबून पाहावीत अशी आहेत. भिंतीलगत गाडीची वाट पाहत उभी असलेली ही साधीसुधी मंडळी खऱ्या माणसांच्या मापाची आहेत, आणि त्यांच्यात वाघाचा पोशाख घातलेला एक गृहस्थही आहे. शिवाय लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या खच्चून भरणाऱ्या मार्गावरचा ताण या मार्गामुळे हलका झाला, आणि मुळात तेच अपेक्षित होते. तिकीट बाकीच्या सबवेइतकेच आहे.

प्रश्न आहे तो किमतीचा. गाडीतून उतरून सरकत्या जिन्याने वर आले की फलाटाच्या डोक्यावर, जवळजवळ त्याच्याच लांबीचा, एक प्रशस्त मधला मजला लागतो. गर्दीची वेळ सोडली तर तो बहुतांश रिकामा असतो. तिथून बाहेर पडण्याच्या वाटा टोकांकडे असल्यामुळे मधल्या भागाचा प्रवाशाला फारसा उपयोगही नाही. दिसायला हे सगळे ऐसपैस आणि सुखद आहे, पण ७२ आणि ८६ या स्थानकांत त्यातला प्रत्येक घनमीटर कठीण खडकातून सुरुंग लावून काढलेला आहे. जे दिसत नाही ते याहून महाग आहे. गाडी सुमारे १८० मीटर लांब असताना काही स्थानकांचे खोदकाम त्याच्या दुपटीहून अधिक लांबीचे आहे, कारण फलाटांच्या दोन्ही टोकांना वायुवीजनाची यंत्रे, विद्युत उपकरणे आणि देखभालीच्या वेगवेगळ्या विभागांच्या स्वतंत्र खोल्या आहेत. एका विभागाने दुसऱ्याबरोबर खोली वाटून घ्यायची नाही, हा जणू अलिखित नियमच. कचेरीतली ही सरंजामशाही जमिनीवर फार तर चार भिंतींचा खर्च वाढवते. जमिनीखाली तिची किंमत कोट्यवधी डॉलरमध्ये मोजावी लागते.

खर्चवाढीचे खापर नेहमी भुयार खोदण्यावर फोडले जाते, ते या मार्गाच्या बाबतीत टिकत नाही. बोगदा खोदणारे यंत्र मे २०१० मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबर २०११ पर्यंत दोन्ही बोगदे पूर्ण झाले होते. उरलेला बहुतेक काळ आणि बहुतेक पैसा स्थानकांनी खाल्ला. रस्ता फार उकरावा लागू नये म्हणून ७२ आणि ८६ ही स्थानके खोल खडकात कोरून काढण्यात आली, तरीही सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचे दुकानदार अनेक वर्षे कुंपणे, अरुंद झालेले फुटपाथ आणि सुरुंगांची धूळ यांतून सुटले नाहीत. म्हणजे महागडा मार्ग पत्करूनही त्रास व्हायचा तो झालाच. त्यात तिन्ही स्थानकांचे आराखडे एकसारखे नाहीत, सल्लागारांचे शुल्क भरमसाट आणि काम सुरू झाल्यावर केलेले बदल वेगळेच. असे बदल होणार हे ओळखून असलेले कंत्राटदार निविदेतच जोखमीची रक्कम चढवून ठेवतात.

हे टाळता येते का? माद्रिदचा मेट्रोसूर हा सुमारे ४१ किलोमीटरचा आणि २८ स्थानकांचा वर्तुळाकार भुयारी मार्ग २००३ मध्ये सुरू झाला, तो तीनएक वर्षांत आणि सुमारे दीड अब्ज युरोमध्ये. ही तुलना सरळसोट नाही हे मान्य करायला हवे. तो उपनगरांतून जातो, तिथली जमीन मोकळी होती आणि मजुरीही कमी होती. पण हे सारे जमेस धरून आणि महागाईचा हिशेब करूनही उरणारी तफावत कित्येक पटींची राहते. माद्रिदमध्ये मॅन्युएल मेलिस यांच्या नेतृत्वाखाली सरकारच्याच नोकरीतले मोजके अभियंते निर्णय जागेवर घेत होते, स्थानके उथळ, वरून उघडी खणलेली आणि एकाच साच्याची होती, आणि निविदा केवळ सर्वांत कमी रकमेवर दिल्या जात नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये याच्या जवळपास उलटे घडले. मॅनहॅटनमधल्या ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकाखालचे, २०२३ मध्ये उघडलेले लाँग आयलंड रेलरोड या उपनगरी रेल्वेचे नवे स्थानक अकरा अब्ज डॉलरच्या पुढे गेले, आणि तिथेही प्रचंड खोदकाम व लांबलेली वर्षे हीच कहाणी आहे.

दुसऱ्या टप्प्यात हा मार्ग १२५ क्रमांकाच्या रस्त्यापर्यंत, आणखी तीन स्थानकांनी, वाढणार आहे. त्याचा अंदाज सुमारे ७.७ अब्ज डॉलरचा असून २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या अनुदानाचा करार केला. १९७० च्या दशकात खोदून पडून राहिलेला बोगद्याचा तुकडा वापरायचा आणि स्थानकांतल्या आतल्या खोल्यांची जागा कमी करायची, असे ठरले आहे. पहिल्या टप्प्याच्या बिलातून कोणी काही शिकले असेल तर ते या खोल्यांच्या आकारातच दिसेल. म्हणून सेवेला पाचपैकी साडेचार तारे देताना किमतीला दीडहून अधिक तारा द्यायला माझी तयारी नाही, आणि त्यातलाही अर्धा बोगद्याच्या यंत्राचा आहे.