डेल्हिव्हरीचा आयपीओ: 487 रुपयांत नेमकं काय मिळालं?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. मे 2022 मध्ये आलेली डेल्हिव्हरी या पार्सल आणि माल पोहोचवणाऱ्या कंपनीची भागविक्री (आयपीओ) म्हणजे चांगल्या कंपनीचा महागडा कागद होता. कंपनी खरी आहे, तिचं जाळं खरं आहे, व्यवस्थापन कामाचं आहे. पण 487 रुपयांना शेअर घेणाऱ्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीचे पैसे आगाऊ मोजले. माहितीपत्रक नीट वाचलं असतं तर हे त्या वेळीच दिसण्यासारखं होतं. लॉजिस्टिक्स तंत्रज्ञानातल्या आणखी कंपन्या बाजारात येत राहणार आहेत, म्हणून ही भागविक्री उलगडून बघणं आजही उपयोगाचं आहे.

मूळ आकडे असे. भागविक्री 11 ते 13 मे 2022. किंमतपट्टा 462 ते 487 रुपये, लॉट, म्हणजे अर्जाचा सर्वांत लहान गठ्ठा, 30 शेअरचा, म्हणजे वरच्या भावाला 14,610 रुपये. एकूण 5,235 कोटी, त्यात 4,000 कोटींचे नवे शेअर आणि 1,235 कोटींची ऑफर फॉर सेल, म्हणजे जुन्या भागधारकांनी विकलेले शेअर, ज्याचे पैसे कंपनीला नव्हे तर त्यांना मिळतात. नोव्हेंबर 2021 मध्ये सेबीकडे मसुदा गेला तेव्हा हाच आकडा 7,460 कोटी होता. बाजाराचा रंग बघून तो कापला गेला. असा आकार कापलेला दिसला की भावही तितकाच कापला आहे का, हा पहिला प्रश्न विचारायचा. इथे कापल्यावरही कंपनीचं बाजारमूल्य 35,000 कोटींच्या वर बसत होतं.

ऑफर फॉर सेल किती, यावर लोक फार अडून बसतात. इथे ती एक चतुर्थांशापेक्षा थोडी कमी होती. कार्लाइल, सॉफ्टबँक, फोसूनचा फंड, टाइम्स इंटरनेट आणि काही संस्थापक विकत होते. हे प्रमाण वावगं नाही. जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे कंपनीला प्रवर्तकच, म्हणजे तिच्यावर ताबा असलेला मुख्य मालकच, नव्हता. ती व्यावसायिक व्यवस्थापनाखाली चालणारी कंपनी म्हणून नोंदली गेली. अशा कंपनीत मोठे हिस्से फंडांकडे असतात आणि फंडाला मुदत असते. आज ना उद्या तो विकणारच, त्यात आश्चर्य नाही आणि अपराधही नाही. विक्री कधी सुरू होऊ शकते याची तारीख मात्र आधीपासून ठाऊक असते. नियमाप्रमाणे जुन्या भागधारकांचे शेअर सहा महिने बांधलेले, म्हणजे नोव्हेंबर 2022 पर्यंत. अँकर गुंतवणूकदारांनी, म्हणजे भागविक्री खुली होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांनी, 2,347 कोटी घातले होते. त्यांचे निम्मे शेअर 30 दिवसांनी आणि उरलेले 90 दिवसांनी मोकळे होणार होते. या तीन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या.

तोट्याचे आकडे वाचताना बहुतेकांची गफलत होते. 2018-19 चा तोटा 1,783 कोटी, 2019-20 चा 269 कोटी, 2020-21 चा 416 कोटी आणि 2021-22 च्या पहिल्या नऊ महिन्यांचा 891 कोटी. नुसती ही रांग बघून काहीच कळत नाही. 2018-19 च्या तोट्याचा मोठा भाग प्राधान्य समभागांच्या पुनर्मूल्यांकनाचा, म्हणजे वहीतला होता, रोकड गेली नव्हती. म्हणून ‘तोटा 1,783 वरून 416 वर आला, सुधारणा झाली’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धसत्य. नऊ महिन्यांच्या तोट्यातही कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरपर्यायांचा खर्च आहे. तो रोकड खर्च नसला तरी आपला हिस्सा पातळ करतो, त्यामुळे तो ‘समायोजित’ म्हणून बाजूला ठेवलेला आकडा मान्य करू नये. रोकड प्रवाहाचं विवरण उघडायचं आणि कामकाजातून पैसे येतात की जातात, एवढंच आधी बघायचं.

आता खरा गाभा. या धंद्यात पैसा कुठे जातो? महसुलाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग वाहतूक, हाताळणी आणि पोहोचवणी यात जातो. भिवंडीहून बेंगळुरूला निघालेला ट्रेलर निम्मा रिकामा असला तरी डिझेल, टोल आणि ड्रायव्हर पूर्णच लागतो. सॉर्टिंग सेंटरचं भाडं पार्सल मोजून ठरत नाही. शेवटच्या टप्प्यात पोरगा एका गल्लीत तीन पार्सलं देतो की पंधरा, यावर दर पार्सलचा खर्च ठरतो. थोडक्यात, खर्च आधी उभा राहतो आणि मालाची दाटी नंतर येते. दाटी आली की प्रत्येक जादा पार्सलवर चांगला पैसा सुटतो. नाही आली तर तेच जाळं गळ्यात पडतं. भागविक्रीतले 2,000 कोटी याच जाळ्याच्या वाढीसाठी होते आणि 1,000 कोटी इतर कंपन्या विकत घेण्यासाठी, तेही कोणती कंपनी हे ठरलेलं नसताना. ‘कुठली कंपनी, काय भावाने’ याचं उत्तर नसलेले हजार कोटी म्हणजे व्यवस्थापनाच्या हाती दिलेला कोरा चेक. तो देताना आधीच्या खरेदीचं काय झालं ते बघायला हवं, त्याकडे येतोच.

तंत्रज्ञानाचं काय? ते दिखाव्यापुरतं नव्हतं. आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ, पाटलांचा वाडा’. असा मजकूर नकाशावरच्या ठिपक्यात बदलणं, पार्सल पहिल्याच फेरीत योग्य हबला पाठवणं, कॅश ऑन डिलिव्हरीचं कोणतं पार्सल परत येण्याची शक्यता आहे हे ओळखणं, या सगळ्यात पैसे वाचतात. परत आलेलं पार्सल दोन वेळा वाहून न्यावं लागतं आणि विक्रेता कुरकुरतो. पण गुंतवणूकदाराने एक कसोटी धरायची: तंत्रज्ञान खर्चाच्या ओळीत दिसलं पाहिजे. महसुलाच्या टक्केवारीत वाहतूक-हाताळणीचा खर्च दरवर्षी उतरतो का? उतरत नसेल तर ती ट्रकची कंपनी समजूनच भाव मोजायचा, सॉफ्टवेअरचा नाही.

आणि पार्सलचा भाव तर उतरतच होता. 2020-21 मध्ये कंपनीने 28.9 कोटी एक्स्प्रेस पार्सलं पोहोचवली, 2021-22 मध्ये 58.2 कोटी. दुप्पट! पण दर पार्सलमागचा महसूल सुमारे 88 रुपयांवरून 72 च्या आसपास आला. यातला काही भाग हलक्या पार्सलांमुळे आहे, हे खरं. तरीही खालच्या भावाच्या ऑनलाइन विक्रीवर उभं राहिलेलं हे काम होतं, आणि त्यातला शॉपीसारखा ऑनलाइन बाजार मार्च 2022 मध्ये, म्हणजे भागविक्रीच्या काही आठवडे आधी, भारतातला गाशा गुंडाळून निघून गेला होता. ही बातमी वर्तमानपत्रात होती. जे दुप्पट झालं ते पुढच्या वर्षी पुन्हा दुप्पट होणार नाही, हे तिथेच कळायला हवं होतं. पुढचे आकडे बघा: 2022-23 मध्ये 66.3 कोटी, 2023-24 मध्ये 74 कोटी, 2024-25 मध्ये 75.2 कोटी.

ग्राहकांची यादी हा दुसरा कमकुवत सांधा. 23 हजारांहून अधिक सक्रिय ग्राहक असं मोठ्या अक्षरात छापलं होतं, पण जोखमीच्या प्रकरणात लिहिलं होतं की पहिल्या पाच ग्राहकांकडून सुमारे 40 टक्के महसूल येतो. फ्लिपकार्टकडे स्वतःची ईकार्ट आहे, अॅमेझॉनचं स्वतःचं जाळं आहे, मीशोने पुढे स्वतःची पोहोचवणी यंत्रणा व्हाल्मो उभी केली. मोठा ग्राहक आपलं काम घरात ओढून घेतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण पार्सल पोहोचवणारी दुसरी कंपनी, ईकॉम एक्स्प्रेस. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांनी 2,600 कोटींच्या भागविक्रीचा मसुदा दाखल केला. निम्म्याहून अधिक महसूल एकाच ग्राहकाकडून येत होता. भागविक्री आलीच नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये डेल्हिव्हरीनेच ती कंपनी जास्तीत जास्त 1,407 कोटींत घ्यायचं जाहीर केलं. म्हणून कुठल्याही लॉजिस्टिक्स माहितीपत्रकात सर्वांत आधी ‘रिस्क फॅक्टर्स’ उघडा आणि पहिल्या, पहिल्या पाच व पहिल्या दहा ग्राहकांची टक्केवारी तीन वर्षांची शेजारी-शेजारी लिहा.

आता आधीच्या खरेदीकडे. डेल्हिव्हरीने केलेली स्पॉटॉन या कंपनीची खरेदी ऑगस्ट 2021 मधली. पार्ट ट्रक लोड, म्हणजे कारखान्याचा अर्धाफुर्धा ट्रकचा माल, हे तिचं काम. त्यामुळे नऊ महिन्यांच्या 4,811 कोटी महसुलात विकत घेतलेली वाढ मिसळलेली होती. ती वजा न करता वाढीचा दर काढणं चूक. एकत्रीकरण तर भागविक्रीनंतर चिघळलं. एप्रिल-जून 2022 च्या तिमाहीत दोन्ही जाळी जोडताना सेवा ढेपाळली, माल घटला आणि तिमाहीचा तोटा 399 कोटींवर गेला. दोन लॉजिस्टिक्स कंपन्या जोडताना हे नेहमी होतं: दोन सॉफ्टवेअर, दोन बारकोड, दोन हब, आणि मधल्या काळात ग्राहक दुसरीकडे वळतो. विलीनीकरण ताजं असलेल्या कंपनीत दोन तिमाही थांबण्यात काहीही बुडत नाही.

भावाची तुलना सोपी होती. नऊ महिन्यांचा महसूल वर्षाला लावला तर सुमारे 6,400 कोटी. म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य महसुलाच्या साडेपाचपट. त्याच वेळी नफ्यात चालणारी कुरिअर कंपनी ब्लू डार्ट महसुलाच्या चौपटीच्या आतबाहेर मिळत होती. तोट्यातल्या कंपनीला नफ्यातल्या कंपनीपेक्षा जास्त पट द्यायची, तर वाढीची खात्री हवी. ती खात्री कागदावर नव्हती.

अर्ज करणाऱ्यांसाठी एक बारकावा, जो फार महागात पडू शकतो. नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या, म्हणजे डेल्हिव्हरीसारख्या, कंपनीच्या भागविक्रीत किमान 75 टक्के हिस्सा संस्थांना, 15 टक्क्यांपर्यंत बिगर-संस्थात्मक (दोन लाखांहून मोठा अर्ज करणाऱ्या) गुंतवणूकदारांना आणि किरकोळ गुंतवणूकदारांना जास्तीत जास्त 10 टक्के. वाटा लहान म्हणजे शेअरवाटप लॉटरीनेच होणार, असं समजून लोक दोन लाखांच्या मर्यादेत बसणारे 13 लॉट, म्हणजे 1,89,930 रुपये, भरून टाकतात. इथे किरकोळ विभाग 57 टक्केच भरला. विभाग अपुरा भरला की मागाल तेवढे शेअर पदरात पडतात. एकूण भरणा 1.63 पट झाला तो संस्थांच्या 2.66 पटीमुळे. म्हणून शेवटच्या दिवशी दुपारी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर आपल्या विभागाचा आकडा बघा, एकूण नव्हे, आणि मगच बोली कायम ठेवा. किरकोळ विभागात बोली मागे घेता येते. ग्रे मार्केटचा प्रीमियम, म्हणजे नोंदणीआधीच्या अनधिकृत बाजारातला जादा भाव, या निर्णयात धरूच नका.

24 मे 2022 ला एनएसईवर शेअर 495.20 ला उघडला, म्हणजे एका लॉटवर 246 रुपये, आणि बंद होताना 537 च्या आसपास होता. जुलैत 700 पलीकडेही गेला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने पार्सलांची वाढ मंदावेल असं कळवलं आणि एका दिवसात भाव पंधरा टक्क्यांहून जास्त कोसळला. नोव्हेंबरमध्ये बांधलेले शेअर मोकळे झाले, कार्लाइलने 330 च्या आसपास हिस्सा विकला, मार्च 2023 मध्ये सॉफ्टबँकेने 340 च्या आसपास.

2024-25 मध्ये कंपनीने पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला, 162 कोटी. गंमत अशी नव्हे तर बोध असा की त्याच वर्षाच्या अखेरीस, मार्च 2025 मध्ये, शेअर 250 च्या आसपास मिळत होता, आणि पुढच्या काही महिन्यांत 400 च्या वर गेला. तेव्हा जाळं भरत आलं होतं, स्पॉटॉन पचली होती, विकणारे बरेचसे विकून गेले होते. तीच कंपनी, निम्म्या भावात, तीन वर्षांचे लेखापरीक्षित आकडे हातात घेऊन.