शिकाऊ हातांसाठी पहिली गाडी : ऑल्टो, वॅगनआर, टियागो की निऑस?

माझी भाची साताऱ्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात तिचा शिकाऊ परवाना आला आणि पहिली गाडी कोणती घ्यायची, हा प्रश्न घरात सुरू झाला. तिचे रोजचे जाणे-येणे राजवाडा, मोती चौक आणि पोवई नाका या गर्दीच्या पट्ट्यातले आहे, आणि परवाना पक्का झाल्यावर महिन्यातून एकदा-दोनदा महामार्गाने पुण्याला जाण्याचा तिचा विचार आहे. या गरजेसमोर मारुतीची ऑल्टो के-१०, मारुतीचीच वॅगनआर, टाटाची टियागो आणि ह्युंदाईची ग्रँड आय-टेन निऑस या चार गाड्या ठेवून आम्ही नव्या-जुन्या दोन्ही बाजारांत पाहणी केली. गाड्या मी चालवल्या आणि प्रत्येक गाडीत तिला चालकाच्या जागी बसवून पाहिले. घरातील बहुतेकांचा पहिला प्रश्न मायलेजचा होता. परंतु या चारही पेट्रोल गाड्यांमधील मायलेजचा फरक शिकणाऱ्या माणसासाठी सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी आकार पाहू. ऑल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर आणि रुंदी १,४९० मिलिमीटर आहे. वॅगनआर ३,६५५ बाय १,६२०, टियागो ३,७६५ बाय १,६७७ आणि निऑस ३,८१५ बाय १,६८० आहे. ऑल्टो आणि निऑस यांच्या रुंदीत एकोणीस सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे समोरून टेम्पो येत असताना अरुंद बोळात आरसा घासणे आणि न घासणे यातला फरक. गाडी किती कमी जागेत वळते, हेही शिकाऊ चालकाला पहिल्याच आठवड्यात कळते. ऑल्टोची वळण-त्रिज्या ४.५ मीटर, वॅगनआरची ४.७ आणि टियागोची ४.९ मीटर आहे, त्यामुळे जिथे टियागोला एकदा रिव्हर्स घ्यावा लागतो तिथे ऑल्टो बहुधा एका दमात वळते.

मात्र लहान गाडी म्हणजे सोपी गाडी, हे समीकरण भाचीला चालकाच्या जागी बसवल्यावर लगेच मोडले. तिची उंची जेमतेम पाच फूट आहे. ऑल्टोत बसल्यावर ती म्हणाली, “मामा, बॉनेट कुठे संपतं तेच दिसत नाही.” वॅगनआर १,६७५ मिलिमीटर उंच आहे, बैठकही खुर्चीसारखी आहे आणि काचा मोठ्या आहेत, तिथे तिला पुढचा कोपरा, डावीकडचा कठडा आणि मागची काच हे सगळे मान न ताणता दिसले. टियागोच्या वरच्या व्हेरियंटमध्ये चालकाची सीट खालीवर करता येते, ती वर घेतल्यावर तिला समोरचे नीट दिसू लागले, तरी काचेच्या बाजूचा खांब आम्हाला जाड वाटला आणि वळणावर त्याच्या आड दुचाकी लपू शकते, हे ध्यानात ठेवावे लागेल. खालच्या व्हेरियंटमध्ये ही सोय नसते, म्हणून कमी उंचीच्या व्यक्तीने टियागो घेताना अलॉय व्हील किंवा मोठ्या स्क्रीनपेक्षा या एका खटक्यासाठी वरचे व्हेरियंट घ्यावे.

इंजिनाच्या बाबतीत निऑस सर्वांत सौम्य आहे. तिचे १,१९७ सीसीचे इंजिन चार सिलिंडरचे आहे, क्लच हलका आहे आणि पाय थोडा लवकर सुटला तरी गाडी झटका देऊन बंद पडत नाही. ऑल्टोचे ९९८ सीसीचे आणि टियागोचे १,१९९ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. टियागोत थांबलेल्या अवस्थेत थोडा थरथराट जाणवतो आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना जरा अधिक काळजी लागते. वॅगनआरमध्ये एक लिटरचे आणि १.२ लिटरचे अशी दोन इंजिने मिळतात, त्यांपैकी दुसरे चार सिलिंडरचे आहे, आणि चार माणसे घेऊन घाट चढायचा असेल तर तेच घ्यावे. सीएनजीचा विचार रोज पन्नास-साठ किलोमीटर चालणाऱ्याने करावा. शिकाऊ चालकाचे तेवढे चालणे होत नाही.

क्लचच्या प्रश्नावर अनेक जण एएमटीचा, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या गिअरचा, सल्ला देतात. भारतात हे तंत्र २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आले आणि आज या चारही गाड्यांत ते मिळते. शहरातील गर्दीत त्याने डावा पाय मोकळा राहतो, हे खरे आहे. पण पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागते, तेव्हा चढावर गाडी इंचाइंचाने पुढे न्यावी लागते, आणि तिथे हिल-होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसलेली एएमटी गाडी ब्रेक सोडताच मागे सरकते. हँडब्रेक लावून गाडी उचलण्याची सवय नसलेला चालक अशा वेळी गोंधळतो. शिवाय घरातील किंवा मित्राची दुसरी गाडी बहुधा गिअरची असते. म्हणून गुडघ्याचा त्रास किंवा तसे कारण नसेल, तर पहिली गाडी गिअरचीच असावी आणि एएमटी घ्यायचीच झाली तर हिल-होल्ड असलेली घ्यावी.

आता सुरक्षिततेकडे येतो, कारण माझा निर्णय इथेच बदलला. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता पाचपैकी ताऱ्यांत मोजणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांमध्ये २०२० साली टियागोला प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे मिळाले, त्याच वर्षी निऑसला दोन, आणि त्याआधी २०१९ साली वॅगनआरला दोन. २०२३ साली वॅगनआरची पुन्हा चाचणी झाली तेव्हा तिला एकच तारा मिळाला आणि ऑल्टो के-१० ला दोन. इथे एक गफलत टाळायला हवी. २०२२ पासून या चाचणीचे निकष अधिक कडक झाले, त्यामुळे टियागोचे चार तारे आणि ऑल्टोचे दोन तारे एकाच काट्यावर तोललेले नाहीत. पण टियागो, निऑस आणि वॅगनआर या तिघींची जुनी मोजणी जवळपास एकाच काळातली आणि एकाच पद्धतीची आहे, आणि तिच्यात टियागो स्पष्टपणे पुढे आहे. २०२५ मध्ये ऑल्टो आणि वॅगनआर यांना सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटमध्ये मिळू लागल्या, ही चांगली गोष्ट झाली, तरी एअरबॅग वाढल्याने गाडीचा सांगाडा बदलत नाही.

मी आधी वॅगनआरच्या बाजूने होतो, कारण ती शिकायला निःसंशय सोपी आहे. परंतु गाडी शिकण्याची अडचण तीन-चार महिन्यांत संपते आणि गाडी पाच-सहा वर्षे दारात राहते. या सगळ्या काळात भाची महामार्गावर ट्रकांच्या बाजूने जाणार असेल, तर चार महिन्यांच्या सोयीसाठी सुरक्षिततेवर पाणी सोडणे मला पटेना.

नवी की जुनी, या प्रश्नाचे उत्तर बजेटवर अवलंबून आहे, हे उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला आणि नवी व जुनी यांतील अंतर कमी झाले. तरीही पहिल्या वर्षात बंपर घासणे आणि क्लच-प्लेट झिजणे जवळजवळ ठरलेले असते, आणि ते तीन-चार वर्षे वापरलेल्या गाडीवर झालेले बरे. जुनी गाडी पाहताना मात्र तिच्या पासिंगचे वर्ष हा सुरक्षिततेचा निकष मानावा. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट-बेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर. आणि २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या प्रवाशाचीही एअरबॅग. म्हणून २०१८ ची स्वस्त गाडी आणि २०२२ ची थोडी महाग गाडी यांतला फरक केवळ चार वर्षांचा नसतो. पेट्रोलचाही मुद्दा आहे : आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते.

एका व्यापाऱ्याकडे आम्ही वॅगनआर पाहिली. मीटरवर २८ हजार किलोमीटर होते, पण क्लचच्या पेडलवरील रबराच्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्या होत्या आणि स्टीअरिंगची डावी बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती. खाली वाकून टायरवरील चार आकडी तारीख वाचली. तिच्यात टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. गाडी २०१९ ची आणि चारही टायर २०२३ चे होते. २८ हजारांत टायर संपत नाहीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला असावा. सर्व्हिसची नोंद मागितल्यावर ती मिळाली नाही आणि आम्ही परत आलो. त्यानंतर आम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद हातात आल्याशिवाय गाडी पाहायलाच जात नाही.

व्यवहार ठरल्यावर मालकी-बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम झाले, असे समजू नये. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा, थकलेली चलने आधीच तपासायला हवीत, आणि विम्याचे नाव-बदल चौदा दिवसांत करून घ्यायला हवे; विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, हे हप्ता मोजताना धरावे.

फक्त गावात चालवायचे असेल आणि घरात गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे असतील, तर मी आजही चार सिलिंडरची वॅगनआर सुचवीन. वाड्याचा बोळ अरुंद आणि पैसे मोजके असतील तर ऑल्टो, पण ती शक्यतो २०२५ नंतरची. ज्याला क्लचची धास्ती वाटते त्याने निऑस जरूर चालवून पाहावी. भाचीसाठी मात्र सीट वर घेता येणारी, एकाच मालकाची, २०२२ किंवा नंतरच्या पासिंगची गिअरची टियागो शोधायची, असे आम्ही ठरवले आहे. कराडला तशी एक गाडी आहे आणि रविवारी ती पाहायला जायचे आहे. पटली तर १८ सेंटिमीटर चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ पुढे-मागे लावून पहिला महिनाभर मी शेजारी बसेन, आणि सकाळी रहदारी नसताना साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर हँडब्रेकने गाडी उचलण्याचा सराव आधी करून घेईन.