जांभळी नाक्याजवळ जर्सी शिवून घेतल्या, त्याचा अनुभव (५ पैकी ४ तारे)

आधी ऑर्डर सांगतो, म्हणजे दुकानाला आम्ही काय ताप दिला ते कळेल. एकूण २६ जर्सी. १३ गडद लाल आणि गडद हिरव्या आडव्या पट्ट्यांच्या, १३ लाल-पांढऱ्या-निळ्या. पूर्ण बाह्या, कॉलर, जाड सुती कापड. पाठीवर नाव नको, छातीवर जाहिरात नको.

आम्ही काही जण रविवारी सकाळी ठाण्यात रग्बी खेळतो. अंगावर जाणं नाही, कमरेला लावलेली पट्टी खेचली की झालं, कारण निम्मे पन्नाशीच्या पुढचे आणि एकाला स्टेंट बसवलेला. मी मूळचा कबड्डीवाला. रग्बी आली पुतण्यामुळे. तो सिडनीत दोन वर्षं राहिला आणि येताना तिथल्या लीगचं खूळ घेऊन आला. त्यानेच काढलं की २९ ऑगस्टला १९०८ची फायनल पुन्हा खेळू या. सिडनीत पैसे घेऊन रग्बी खेळण्याचा तो पहिलाच मोसम. साउथ सिडनीने (लाल-हिरवे) ईस्टर्न सबर्ब्जला (लाल-पांढरे-निळे) १४-१२ हरवलं होतं.

आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. त्याने फोनमधला फोटो पाहिला न पाहिला आणि म्हणाला, सबलिमेशनमध्ये, म्हणजे कापडावर रंग छापून, करून देतो, साडेतीनशेला एक, तीन दिवसांत. नमुना दाखवला. कापड चिप्सच्या पाकिटासारखं वाजत होतं, आणि बाजूच्या शिवणीवर पुढची लाल पट्टी मागच्या हिरवीला जाऊन धडकत होती. नमस्कार केला आणि निघालो.

हे दुसरं दुकान भांड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, पावसात निसरडा. गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच हाक मारावी. चालवतात त्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, खेळताना कापड धरतात का?"

या एका प्रश्नावर मी दुकान पक्कं केलं. पट्टी खेचायला गेलेला हात चुकला की कापडच हातात येतं. आणि जर्सी फाटते ती पोटावर नाही, काखेत. पकडीतून सुटताना हात वर जातो आणि टर्रकन शिवण जाते, हे कबड्डीत शंभरदा पाहिलंय. ताईंनी ड्रॉवरमधून एक जुनी बंडी काढून काखेतला चौकोनी तुकडा दाखवला. चौबगला! ही वस्तू मी माझ्या आजोबांच्या सदऱ्यानंतर पाहिली नव्हती. ताईंचे सासरे मल्लखांबवाल्यांचे कपडे शिवायचे, तिथून आलेली रीत. आमच्या सगळ्या २६ जर्सींना चौबगला आहे आणि एकही उसवलेली नाही.

पट्ट्या छापलेल्या नाहीत, दोन-दोन इंच कापून जोडलेल्या आहेत. दुकानातल्या शिलाईच्या मास्तरांनी पुढची आणि मागची बाजू आधी टाचण्यांनी लावून घेतली, मग शिलाई. मी घरी आणून बाजूच्या शिवणीवरून बोट फिरवलं, काखेपासून खालपर्यंत पट्टीला पट्टी. बाह्यांवर मात्र दंडाजवळ जरा सरकल्यात. ते मी सोडून दिलं.

मास्तर क्रिकेटचे दर्दी. रग्बीत त्यांना काडीचा रस नव्हता, पण ऑस्ट्रेलियाचा जुना फलंदाज व्हिक्टर ट्रंपर याचं नाव काढलं तेव्हा हातातली कात्री थांबली. ही लीग उभी करणाऱ्यांत ट्रंपर होता, पहिला खजिनदारच तो. सिडनीत मार्केट स्ट्रीटवर त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं, तिथे बैठका व्हायच्या. जेम्स गिल्टिनन आणि हॅरी हॉइल बरोबर होते. ऑगस्ट १९०७मध्ये बेटमन्स हॉटेलात लीगची स्थापना झाली. मास्तर म्हणाले, "म्हणजे हेपण दुकानातूनच निघालं!" आणि पुढची पट्टी कापायला घेतली.

भांडण होतं भरपाईचं. ॲलेक बर्डन नावाचा खेळाडू १९०७मध्ये खेळताना जायबंदी झाला, मजुरी बुडाली, आणि रग्बी युनियनने, म्हणजे तिथला हौशी खेळ चालवणाऱ्या संघटनेने, हात वर केले. हौशी खेळ, पैसे कसले मागता? इंग्लंडमध्ये याच बुडलेल्या रोजावरून उत्तरेकडचे क्लब १८९५मध्येच फुटून निघाले होते. हे ठरलं ती हडर्सफील्डची बैठकसुद्धा २९ ऑगस्टचीच, पुतण्याने तारीख उगाच धरली नव्हती. आता हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही. १९९१मध्ये कंपनीच्या संघाकडून खेळताना माझा गुडघा गेला. फोटो कंपनीच्या मासिकात छापून आला आणि पगारातून बावीस दिवस कापले गेले. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीपण वेगळी लीग काढायची होती." काढली असती तर त्यांच्याकडूनच जर्सी घेतल्या असत्या.

पहिल्या मोसमात नऊ क्लब होते. ग्लीब, न्यूटाउन, बालमेन वगैरे शहरातले, आणि न्यूकॅसल बाहेरगावचा. कंबरलंड एका मोसमात गुंडाळला गेला. पुतण्याला ईस्टर्न सबर्ब्जचा डॅली मेसेंजर व्हायचं होतं, तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडू. मी म्हटलं, बाळा, मेसेंजर फायनलला नव्हताच, कांगारूंच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संघाच्या, पहिल्या दौऱ्यावर बोटीने इंग्लंडला निघून गेला होता. पुतण्याच्या हातात शिट्टी दिली. त्याची जर्सी मी घातली.

आता एक तारा का कापला ते. दहा दिवसांचा वायदा होता, एकोणीस लागले. गोविंदा पथकांचे टी-शर्ट मध्ये आले. ठाण्यात दहीहंडीच्या आधी कुठल्याही शिलाईवाल्याकडे जाणं म्हणजे गणपतीत कोकणची गाडी धरणं, हे कबूल. पण तसं आधी सांगावं. चार फोन मी केले, त्यांनी एकही नाही. जर्सी हातात पडल्या २८ तारखेला रात्री साडेनऊला, बटणं लावायची राहिलेली. माझ्या बायकोने आणि वहिनीने बारापर्यंत बसून लावली.

आणि रंग. सामन्याच्या दिवशी पाऊस, चिखल. घरी येऊन सगळ्यांनी मशीनला टाकल्या. लाल-पांढऱ्या-निळ्यातल्या चारांची पांढरी पट्टी गुलाबी झाली. घेऊन गेलो तर ताईंनी वाद घातला नाही, चारही नवीन शिवून दिल्या, पैसे न घेता. लाल कापड आधी पाण्यात भिजवायचं राहिलं, असं मास्तरांनी स्वतःच सांगितलं. तुम्ही लाल-पांढरं काही करणार असाल तर ऑर्डर देतानाच भिजवायला सांगा.

दर ६४० रुपये एका जर्सीचा. २५च्या वर घेतल्या तर ६००. पावती पक्की मिळते, ॲडव्हान्स निम्मा.

सामना? आमची ईस्टर्न सबर्ब्ज २१-९ने जिंकली. इतिहास बिघडवला म्हणून पुतण्या दोन दिवस बोलला नाही.

पुढच्या वर्षी १९०९ करायचं ठरलंय, साउथ सिडनी विरुद्ध बालमेन. ती फायनल मोठ्या सामन्याआधीचा भरतीचा सामना म्हणून ठेवली, याचा निषेध म्हणून बालमेनवाले मैदानात उतरलेच नाहीत. साउथने किक मारली, चेंडू उचलला, ट्राय केला (रेषेपलीकडे नेऊन टेकवला) आणि विजेतेपद घरी नेलं. त्यामुळे काळ्या-सोनेरी १३ जर्सींचा खर्च वाचेल असं मी ताईंना सांगायला गेलो.

"म्हणजे तेराच?" त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं. "मग सहाशेचाळीसने पडतील."