सेन्सर बिघडलाच नव्हता: एअर सस्पेन्शनच्या दुरुस्तीचा अनुभव

पाऊस पडून गेला किंवा गाडी धुतली की माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एअर सस्पेन्शनचा, म्हणजे हवेच्या दाबावर गाडी उचलून धरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागायचा, गाडीचा मागचा उजवा कोपरा खाली बसायचा आणि दोन दिवस ऊन मिळाले की सगळे आपोआप ठीक व्हायचे. पहिल्या गॅरेजने स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावला आणि मागच्या उजव्या उंची-सेन्सरचा (त्या कोपऱ्याची उंची मोजणाऱ्या भागाचा) कोड आल्याबरोबर तो सेन्सर बदलून टाकला. आठवड्याभरात पुन्हा पाऊस झाला आणि दिवा पुन्हा लागला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असाच हा प्रकार होता. त्यानंतर ज्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेली, त्यांच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

तेथील मेकॅनिकने स्कॅनर लावण्याआधी, दिवा नेमका केव्हा लागतो आणि केव्हा विझतो, हे विचारून घेतले. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहतो का, हे ऐकले आणि एअर स्प्रिंगवर (हवेने फुगणाऱ्या रबरी पिशवीवर) व नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारून गळती नसल्याची खात्री केली. कारण हवा गळत असली तरीही कोपरा असाच खाली बसतो. सेन्सरला, चाकाला धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मशी जोडणारी छोटी दांडीही त्याने हाताने हलवून पाहिली. तिचा सांधा निखळला तर सेन्सर धडधाकट असूनही चुकीची उंची सांगतो.

खरे काम यानंतरचे. या सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. गाडीची उंची बदलेल तसा सिग्नलचा व्होल्टेज साधारण ०.५ ते ४.५ यांच्या दरम्यान सरकतो. स्कॅनरच्या पडद्यावर तीन चाकांचे आकडे अडीचच्या आसपास स्थिर होते, चौथा मात्र मध्येच शून्याजवळ जात होता. त्याच वेळी सेन्सरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरला, तर तेथे सिग्नल जागचा हलत नव्हता आणि पुरवठाही पूर्ण ५ व्होल्ट होता. सेन्सरमधून नीट निघालेला सिग्नल कंट्रोल युनिटपर्यंत (सस्पेन्शन चालवणाऱ्या संगणकापर्यंत) पोहोचत नाही, म्हणजे खोट मधल्या वायरिंगमध्ये आहे, हे त्याने मला मीटर दाखवूनच समजावले. कोड सर्किटचे नाव सांगतो, सुट्या भागाचे नाही, ही साधी गोष्ट पहिल्या गॅरेजने लक्षातच घेतली नव्हती.

चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर काढल्यावर मागे एक जोड-कनेक्टर सापडला. त्याचे रबरी सील दबून फाटले होते आणि सिग्नलच्या पिनेवर हिरवट थर चढून तांबे पार खाल्ले गेले होते. खराब तुकडा कापून, नवी पिन बसवून, आतून चिकट थर असलेली श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून त्याने जोड बंद केला. नुसते साफ करून भागले असते, असे मला वाटत होते. पण पिनेवरचा मुलामा एकदा गेला की गंज परत धरतो, हे त्याचे म्हणणे पटले.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरांच्या आकड्यांचा खऱ्या उंचीशी मेळ घालणे, झाले, जे पहिल्या गॅरेजने सेन्सर बदलूनही केलेच नव्हते. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून ते स्कॅनरमधून कंट्रोल युनिटला द्यायचे असते. आमचा उजवा कोपरा १२ मिलिमीटर खाली निघाला.

तक्रार एकच. माझ्या गाडीत हेडलाइटचा झोतही याच सेन्सरांच्या माहितीवर वरखाली होतो, त्यामुळे कॅलिब्रेशननंतर तो तपासायला हवा होता. तो तपासला गेला नाही. रात्री समोरचे चालक डिपर मारू लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले आणि दुसरी फेरी पडली. गॅरेजने चूक मान्य करून झोत लगेच बसवून दिला, पण इतक्या काटेकोर माणसाकडून ही गोष्ट सुटायला नको होती. गाडी दोन दिवस अडकून पडली, त्याबद्दल मात्र मी नाराज नाही.

त्यानंतर मोठ्या सरी झाल्या, गाडी कितीतरी वेळा धुतली. दिवा लागलेला नाही. पहिल्या गॅरेजने काढून दिलेला जुना सेन्सर मी त्या दुसऱ्या फेरीत सोबत नेला होता. मेकॅनिकने त्याला टेबलावर ५ व्होल्ट देऊन त्याचा दांडा सावकाश फिरवला, तसा मीटरवरचा आकडा एकदाही न अडखळता चढत गेला. तो सेन्सर आता डिकीत पडून आहे.