नीतिशास्त्र की ज्ञानमीमांसा? तिसऱ्या वर्षाचा पेपर निवडताना

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर हा प्रश्न हमखास पडतो. दोन्हीपैकी एकच पेपर घेता येत असेल तर कोणता घ्यावा? मी ज्ञानमीमांसा, म्हणजे 'ज्ञान कशाला म्हणायचं आणि ते मिळतं कसं' याचा पेपर घेतला आणि सरांची परवानगी काढून नीतिशास्त्राच्या तासांनाही बसत होतो, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडंफार सांगू शकतो. घटकांची यादी अभ्यासक्रमात मिळेलच, ती इथे देत नाही.

नीतिशास्त्राची गोडी लागायला वेळ लागत नाही. काँट, मिल, ॲरिस्टॉटल हे सगळे शेवटी 'मी कसं वागावं' या प्रश्नाकडेच येतात आणि हा प्रश्न कुणालाही परका नसतो. शिवाय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिमत्तेचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. स्पर्धा परीक्षेचं मनात असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो, आणि त्यात गैर काही नाही. घरी 'याचा पुढे उपयोग काय' असं विचारलं तर द्यायला उत्तरही तयार असतं.

मला खटकलं ते वेगळंच. तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा १९७२ चा प्रसिद्ध निबंध आम्हाला होता. पूर्व बंगालमधले लाखो लोक उपासमारीत आणि निर्वासितांच्या छावण्यांत असताना, १९७१ मध्ये त्याने तो लिहिला. त्याचा युक्तिवाद असा: उथळ डबक्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलात माखतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरच्या देशातलं मूल तितक्याच किरकोळ किमतीत वाचत असेल, तर न वाचवण्याला आधार काय? प्रश्न जबरदस्त आहे. पण वर्गात चर्चा सुरू झाली की एक जण म्हणायचा, आधी आपल्या घरचं बघावं. दुसरी म्हणायची, हे सरकारचं काम. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, 'शेवटी ज्याचं त्याचं मत', आणि सगळे माना डोलवायचे. अंतरामुळे कर्तव्य खरंच कमी होतं का, या मुद्द्याला कुणी हातच लावलेला नसायचा. काँट असो, मृत्युदंड असो, गाडी 'ज्याचं त्याचं मत' या स्टेशनावरच थांबायची. शिक्षक चांगले होते, तयारी करून यायचे. पण प्रत्येक जण मत घरूनच घेऊन आलेला असला की युक्तिवाद ऐकायला जागा उरत नाही. दुसऱ्या महाविद्यालयात कदाचित असं नसेलही. मला मात्र त्याचा फार त्रास झाला आणि माझ्यापुरता निर्णय त्यानेच केला.

ज्ञानमीमांसेच्या तासाला असं घडलं नाही, कारण तिथे कुणाकडेच तयार मत नसतं. तत्त्वज्ञ एडमंड गेटियरचा १९६३ मधला जेमतेम तीन पानांचा लेख घ्या. एका नोकरीसाठी स्मिथ आणि जोन्स हे दोन उमेदवार आहेत. नोकरी जोन्सला मिळणार असं खुद्द कंपनीच्या प्रमुखाने स्मिथला सांगितलंय आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे स्मिथने स्वतः मोजून पाहिलंय. त्यावरून तो म्हणतो, 'ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात नेमकी दहा नाणी असतात. त्याचं वाक्य खरं ठरलं, त्याच्याकडे कारणंही चांगली होती. मग त्याला ते 'माहीत होतं' असं म्हणायचं का? वर्गात बहुतेक सगळे 'नाही' म्हणाले. का नाही, हे विचारल्यावर पुढचा तासभर खरा वाद झाला. प्रत्येक व्याख्येला कुणीतरी नवं उदाहरण काढून छेद देत होतं.

मग सरांनी आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाचं उदाहरण फळ्यावर घेतलं. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण वर माश्या-किड्यांचा थवा घोंगावतोय. दूरवरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच! मग हे ज्ञान आहे का? गेटियरच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधी इथे हीच अडचण मांडलेली पाहून मी थक्क झालो. प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचा मार्ग. भारतीय दर्शनांपैकी चार्वाकांचं एक प्रमाण, नैयायिकांची (न्याय दर्शनवाल्यांची) चार आणि भाट्ट मीमांसकांची सहा ही तोवर माझ्यासाठी पाठ करायची यादी होती. त्या दिवसापासून ती भांडणाची कारणं वाटू लागली. माझी जन्मतारीख मला फक्त इतरांनी सांगितली म्हणून ठाऊक आहे. नैयायिक म्हणेल, हे शब्दप्रमाण, सांगणारे आप्त म्हणजे विश्वासार्ह आहेत. वैशेषिक दर्शनाचा माणूस म्हणेल, हे स्वतंत्र प्रमाण नाही, अनुमानातच मोडतं. माझ्या स्वतःच्या जन्मतारखेवर अशी ओढाताण होऊ शकते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

या पेपरात त्रासही आहे. व्याप्ती, पक्ष, साध्य, हेतू या अनुमानाच्या संज्ञा अंगवळणी पडेपर्यंत पहिले काही आठवडे कोरडे जातात. अवच्छेदकासारख्या नव्यन्यायातल्या (न्याय दर्शनाच्या नंतरच्या, फार काटेकोर शाखेतल्या) संज्ञा आल्या की निम्मा वर्ग गळतो. लिहिण्याचा सराव नसेल तर गुणही नीतिशास्त्रात जास्त मिळावेत, असा माझा अंदाज आहे.

तरीही माझं पारडं इकडेच झुकतं, आणि त्याचं कारण नीतिशास्त्राच्याच तासाला सापडलं. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अचेत अवस्थेत असलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आम्ही तिथे चर्चेला घेतला होता. न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरणाला (जगवणारे उपचार थांबवण्याला) काही अटींवर वाट मोकळी केली, पण या प्रकरणात परवानगी दिली नाही. वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना अरुणाताईंचे निकटचे मानलं, आणि अरुणाताई जगाव्यात असं त्या कर्मचाऱ्यांना वाटत होतं. दयामरण योग्य की अयोग्य, यावर वर्ग तावातावाने बोलला. स्वतः बोलू न शकणाऱ्या माणसाला काय हवंय हे दुसऱ्याला कळतं कसं, आणि त्याबाबत कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, हा प्रश्न मला सगळ्या वादाच्या मुळाशी दिसत होता. तो विचारता आला तो शेजारच्या पेपरामुळे.

नीतिशास्त्राचे चांगले शिक्षक लाभले असतील आणि वर्गात वाद घालणारी चार मुलं असतील, तर तो पेपर जरूर घ्या. नसतील तर अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी गेटियरची ती तीन पानं वाचा. स्मिथला ते माहीत होतं की नव्हतं, यावर रात्री मित्राला फोन करावासा वाटला, तर ज्ञानमीमांसेच्या रकान्यात खूण करा.